भूक, शेत आणि शाळा : मराठी समीक्षेने टाळलेला एक प्रश्न

दलित आत्मकथनांची पहिली लाट मराठीत आली त्याला आता साडेचार दशके होऊन गेली. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ मध्ये आले, प्र. ई. सोनकांबळे यांचे ‘आठवणींचे पक्षी’ १९७९ मध्ये, लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० मध्ये आणि शरणकुमार लिंबाळे यांचे ‘अक्करमाशी’ १९८४ मध्ये. या पुस्तकांत भुकेचा उल्लेख नाही असे पान शोधावे लागते. पण त्यांच्यावर लिहिल्या गेलेल्या समीक्षेत भुकेचा विचार शोधायला गेलो, की बहुधा विशेषणेच हाती लागतात. दाहक, विदारक, अंगावर काटा आणणारे, अस्वस्थ करणारे. विशेषण हे प्रस्थापित समीक्षकाचे पळून जाण्याचे दार आहे. तो अस्वस्थ होतो, तसे लिहून ठेवतो आणि मोकळा होतो. ही भूक कुठल्या शेतातून उगवली, कुणाच्या पेवात साठली, आणि शाळेच्या कुठल्या बाकावर येऊन बसली, हे विचारण्याची त्याला गरज वाटत नाही.

मला मात्र ती गरज वाटते. मी मराठवाड्यातल्या एका महाविद्यालयात तीस वर्षे मराठी शिकवले. समोर बसणाऱ्या मुलामुलींपैकी निम्मी तरी शेतमजुरांच्या घरची असत. ‘बलुतं’ शिकवताना एका मुलीने विचारले होते, “सर, खळ्यावर धान्याची रास पडलेली असायची आणि तिची राखण महारच करायचा, तर मग त्याच्या घरात भाकरी का नव्हती?” हा प्रश्न अनुभवाच्या दाहकतेचा नाही. तो व्यवस्थेचा आहे, आणि त्याचे उत्तर देता आले नाही तर ते पुस्तक शिकवले असे म्हणता येणार नाही.

बलुत्याकडे आपण एक सामाजिक रूढी म्हणून पाहतो. वास्तविक ती शेतीची एक पद्धत होती. गावाला वर्षभर लागणारे श्रम आणि सेवा रोख मजुरी न देता मिळवायच्या, आणि मोबदला सुगीत, धान्यात, तोही देणाऱ्याच्या मर्जीने द्यायचा. कुणबी किती पेंढ्या देईल, सुपात भरताना मधे दाणे आणि कडेला भूस किती घालील, यावर महाराचा काही इलाज नव्हता. वतनाचा तुकडा होता, पण तो पिढ्यांच्या वाटण्यांत इतका लहान झालेला, की त्यावर एका घराचेही वर्ष निघू नये. उरलेली पोकळी येसकराच्या पाळीच्या शिळ्या तुकड्यांनी आणि मेलेल्या ढोराच्या मांसाने भरायची. ढोर पडले म्हणजे महारवाड्यात सण, हे वर्णन वाचून पांढरपेशा वाचकाला किळस येते. ढोर ओढून नेणे ही गावाची गरज होती आणि ते खाणे हा त्या कामाचा मोबदला होता, हा हिशोब मात्र त्याच्या ध्यानात येत नाही. उन्हात वाळवलेल्या चान्या हे दलित घरातले पेव होते. गावचे पेव पाटलाच्या वाड्यात असे. आषाढात घरातली ज्वारी संपली, की ते उघडे आणि सवाई-दिडीने धान्य मिळे. म्हणजे सुगीत मिळालेले अर्धे बलुते आधीच खाऊन झालेले असे.

हे ध्यानात घेतल्याशिवाय १९२७ च्या मार्चमधल्या महाड परिषदेचे मोल कळत नाही. मेलेल्या जनावराचे मांस सोडा, वतनाच्या तुकड्याचा मोह सोडा, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिथे सांगितले. ज्या समाजाकडे खायला दुसरे काही नाही, त्याला आहे तेही सोडायला सांगणे, आणि त्या समाजाने ते ऐकणे! भुकेच्या इतिहासात अशी घटना विरळा. ज्यांनी पड सोडली त्यांच्यावर गावांनी बहिष्कार घातले, बलुते बंद केले. माझ्या आजोबांच्या पिढीतली माणसे सांगत, की त्या वर्षी पोटाला पाला शिजवला. ही निवडलेली भूक होती, आणि लादलेल्या भुकेहून ती जातीने वेगळी आहे. आपल्या समीक्षेने हा भेद केला पाहिजे होता. एक भूक माणसाला गावाशी बांधून ठेवते आणि दुसरी त्याला गावापासून सोडवते. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात महार वतनाचे विधेयक मांडले ते याच सुटकेसाठी. ती कायद्याने पुरी व्हायला १९५८ साल उजाडावे लागले.

आता दुसऱ्या बाजूचा युक्तिवाद पाहू. सरकारी अहवालांपासून शालेय निबंधांपर्यंत तो एकच आहे. शेतकरी अडाणी, त्याची शेती मागासलेली, म्हणून पीक कमी आणि म्हणून भूक. तेव्हा त्याला शिकवा, सुधारित बियाणे द्या, की भूक जाईल. या युक्तिवादाला लोक जोतीराव फुल्यांचा आधार जोडतात, आणि तो अर्धवट जोडतात. ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) मध्ये फुल्यांनी शेतकऱ्याच्या अधोगतीचे मूळ अविद्येत दाखवले, हे खरे. पण त्यांची विद्या म्हणजे केवळ खतबियाण्याची माहिती नव्हे. सावकाराचा कागद वाचता येणे, कुलकर्ण्याची लेखणी ओळखता येणे, धर्माच्या नावाने होणारी लूट कळणे, ही त्यांची विद्या. आणि त्याच ग्रंथात ताली-बंधारे बांधून पाणी जिरवावे, जनावरांची पैदास सुधारावी, असे थेट बांधावरचे उपायही आहेत. फुल्यांच्या विचारात शाळा आणि बांध वेगळे नाहीत. पुढे आपण ते वेगळे केले. शाळा शिक्षण खात्याकडे गेली, बांध कृषी खात्याकडे गेला आणि भूक पुरवठा खात्याकडे.

बाबासाहेबांनी १९१८ मध्ये हिंदुस्थानातील लहान शेतजमिनींवर जो निबंध लिहिला, तो आपल्या कार्यकर्त्यांनी फारसा वाचलेला दिसत नाही. तुकडे एकत्र करा, शेती मोठी करा, म्हणजे दारिद्र्य जाईल असा त्या काळच्या पंडितांचा सूर होता. बाबासाहेबांनी तो उलटा फिरवला. जमिनीचा तुकडा लहान की मोठा हे त्याच्या आकारावर ठरत नाही, त्यावर किती भांडवल आणि किती श्रम लागतात यावर ठरते. शेतीवर ओझे आहे ते रिकाम्या हातांचे, आणि त्या हातांना उद्योगात काम दिल्याशिवाय शेती सुधारणार नाही, असे त्यांनी मांडले. १९४७ च्या ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’ या निवेदनात ते आणखी पुढे गेले. जमीन राज्याच्या मालकीची करावी आणि गावकऱ्यांनी जातिभेद न पाळता ती सामुदायिकपणे कसावी, अशी ती योजना होती. महाराष्ट्रात १९७०-७१ मध्ये सरासरी वहितीधारण क्षेत्र ४.२८ हेक्टर होते, २०१५-१६ च्या कृषिगणनेत ते १.३४ हेक्टरवर आले. आज तुकडा आणखी लहान झाला आहे, आणि ज्याच्याकडे तुकडाच नाही तो या सरासरीत मुळी मोजलाच जात नाही.

सुधारित शेतीने दलिताच्या ताटाचे काय केले? राहुरी, अकोला, परभणी, दापोली ही चार कृषी विद्यापीठे १९६८ ते १९७२ या काळात उभी राहिली. त्याआधी १९६४ मध्ये सीएसएच-१ ही संकरित ज्वारी आली. उत्पादन वाढले हे नाकारण्याचे कारण नाही. पण माझ्या आईच्या पिढीतल्या बायका हायब्रीडच्या भाकरीबद्दल काय बोलत, ते कृषी अहवालांत मला कधी दिसले नाही. ती थापताना चिरे पडत, दुसऱ्या दिवशी ती खाववत नसे. कणसे भरण्याच्या वेळी पाऊस लागला की दाणा काळा पडे, आणि ती काळी ज्वारी मजुरीच्या मापात पडे. मालकाच्या घरी टाकळ्याची, दगडीची पांढरी ज्वारी राही. ‘हायब्रीड’ हा शब्द पुढे दिसायला टपोऱ्या आणि आतून पोकळ माणसासाठी वापरात आला. हा लोकांनी केलेला कृषिविचारच म्हणायचा.

त्याहून मोठा बदल कुणी नोंदवला नाही. जुन्या रानात ज्वारीत तूर, मूग, अंबाडी, कडेने कारळे असे मिश्र पीक असे. काढणी झाली की भूमिहीनांच्या बायका-मुले सरवा वेचायला जात. दिवसभर वेचले की ओंजळ-दोन ओंजळी कणसे, शेंगा मिळत. सरवा हा कायद्यात नसलेला, पण गावाने मानलेला हक्क होता. खुरपणीला गेलेली बाई पदरात तांदुळजा, कुंजीर, पाथर, घोळ अशी भाजी बांधून आणी. मजुरी मालकाची, भाजी रानाची. पुढे सोयाबीन आले, मळणीयंत्र आले, तणनाशक आले. सोयाबीन घरात शिजत नाही, ते गाडीत बसून कारखान्यात जाते. यंत्र सरवा ठेवत नाही. तणनाशकाची एक फवारणी खुरपणीची मजुरी आणि पदरातली भाजी एकदमच मारते. हेक्टरी उत्पादनाच्या तक्त्यात हे नुकसान दिसणार नाही, कारण त्या तक्त्यात ही बाई कधीच नव्हती. ज्या राज्यात ऊस लागवडीखालच्या जमिनीचा अगदी लहान हिस्सा व्यापतो आणि सिंचनाच्या पाण्याचा मोठा वाटा पितो, तिथे ‘मागासलेली शेती’ कुणाची आणि ‘पुढारलेली’ कुणाची, हेही एकदा स्पष्ट झालेले बरे.

१९७२ चा दुष्काळ माझ्या आठवणीतला आहे. खडी फोडणे, नाला बांधणे, सुकडीसाठी रांग आणि अमेरिकेहून आलेली लाल मिलो. हाल फार झाले, पण एक गोष्ट त्यात नवी घडली. मजूर पाटलाच्या दारात न जाता सरकारी कामावर गेला. रोजगार हमी योजना तेव्हाच सुरू झाली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. बहुजनांच्या आणि डाव्यांच्या चळवळीने रेटलेली ही गोष्ट आहे, कुणाची खिरापत नव्हे. अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये ‘पॉव्हर्टी अँड फॅमिन्स’मध्ये १९४३ च्या बंगालचा दाखला देऊन दाखवले, की माणसे मरतात ती धान्य नसल्याने मरतात असे नाही. आहे त्या धान्यावर त्यांचा हक्क पोचत नाही, म्हणूनही मरतात. जगाने हा विचार डोक्यावर घेतला, ते योग्यच झाले. पण अण्णा भाऊ साठ्यांच्या ‘फकिरा’ने (१९५९) हेच तर सांगितले होते! गाव उपाशी आहे, धान्य वाड्यात आहे आणि मधे सत्तेची भिंत आहे. फकिराने ती भिंत फोडली. समीक्षकांनी त्याला शूर बंडखोर म्हणून गौरवले आणि त्याचे अर्थशास्त्र तेवढे सोडून दिले. माझी ‘फकिरा’बद्दल एक तक्रारही आहे. लुटलेले धान्य संपल्यावर पुढच्या पेरणीची जमीन कुणाची, या प्रश्नाला ती कादंबरी भिडत नाही. तिचे लक्ष शौर्यात गुंतले आहे. बंड एका हंगामाचे असते, भूक दर आषाढात परत येते.

आता शाळेकडे वळू. मराठीत शाळा आणि भूक यांची गाठ घालणारी तीन पुस्तके शेजारी ठेवून पाहावीत. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) एक तरुण मास्तर धनगरांच्या वाडीवर येतो, शाळा भरवतो, आणि शेवटी दुष्काळ ती वाडीच उठवून लावतो. पुस्तक सुंदर आहे, मी ते दरवर्षी आवडीने शिकवत आलो. पण तिथली भूक आभाळातून येते. पाऊस पडला नाही, मेंढरे मेली, माणसे निघून गेली. दोष कुणाचाच नाही. आनंद यादवांच्या ‘झोंबी’त (१९८७) भूक जमिनीच्या पातळीवर उतरते. दुसऱ्याचे रान कसणारा बाप पोराला शाळेतून काढून मोटेवर धाडतो, कारण कुळाच्या शेतीला फुकटचे हात हवे असतात. इथे शेतीची पद्धत शाळेच्या आड येते, हे लख्ख दिसते.

‘अक्करमाशी’त मात्र भूक शाळेतच आहे. शाळेची सहल रानात जाते. सवर्ण मुलामुलींच्या डब्यांत कितीतरी पदार्थ असतात. महारांची मुले वेगळ्या झाडाखाली बसतात आणि उरलेले त्यांना मिळते. घरी आल्यावर आई विचारते, त्यातले थोडे माझ्यासाठी का आणले नाहीस? आणि दुसऱ्या दिवशी मास्तर सहलीवर निबंध लिहायला सांगतात. लिहायचे काय? माझ्या मते आधुनिक मराठी गद्यातला शिक्षणावरचा सगळ्यांत कठोर अभिप्राय या प्रसंगात आहे. इथे दुष्काळ नाही, बाप अडवत नाही, शाळा उघडी आहे आणि मुलाचे नाव हजेरीपटावर आहे. तरीही भूक आहे, कारण शाळेने गावाचीच पंगत रानात नेऊन मांडली. त्याच पुस्तकात शेणातून वेचून धुतलेल्या ज्वारीची भाकरी येते. ती वाचून हळहळणारे पुष्कळ आहेत. सुगीच्या दिवसांत मळणीच्या बैलाच्या पोटात गेलेली ज्वारी भूमिहीनाच्या वाट्याला येते ती अशी, हे सांगणारा समीक्षक मला अजून भेटायचा आहे.

शाळेचे वेळापत्रक आणि भुकेचे वेळापत्रक एकमेकांवर कसे बसते, तेही पाहण्यासारखे आहे. शाळा जूनमध्ये उघडते. तेव्हाच घरातली कणगी रिकामी होते, खुरपणी सुरू होते आणि धाकट्या भावंडाला सांभाळायला घरी मोठी बहीण लागते. दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या बीड, जालना, परभणीकडून निघतात आणि मुले कोपीवर जातात. ती वसंतात परततात तेव्हा वार्षिक परीक्षा तोंडावर आलेली असते. कैकाड्यांच्या गाढवांमागे फिरत तुटत-जुळत गेलेली ‘उपरा’तली शाळा आज ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसली आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची साक्षरता ८२ टक्क्यांवर गेली. आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्यातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के बालके वयाच्या मानाने खुजी आढळली. साक्षरता वाढली की भूक आपोआप हटते, असे मानणाऱ्यांनी हे दोन आकडे एकाखाली एक लिहावेत.

याचा अर्थ शिक्षण व्यर्थ आहे असा कुणी काढू नये. आमच्या पिढीला शिक्षणाने भाकरी दिली, आणि ती अगदी शब्दशः दिली. कर्मवीर भाऊरावांचे साताऱ्याचे वसतिगृह, बाबासाहेबांनी औरंगाबादला १९५० मध्ये काढलेले महाविद्यालय आणि नागसेनवनातली वसतिगृहे, यांत कितीतरी मुलांनी पहिल्यांदा दोन वेळचे ताजे जेवण पाहिले. पुस्तकाआधी ताट हे सूत्र आपल्या चळवळीला फार लवकर उमगले होते. देशाला ते उशिरा कळले. १९९५ मध्ये प्राथमिक शाळांतली पोषण आहार योजना आली, तरी बहुतेक राज्ये घरी न्यायला कोरडे धान्यच वाटत होती. शिजवलेले अन्न द्या, असे सर्वोच्च न्यायालयाला २००१ मध्ये बजावावे लागले. ते अन्न शिजवायला दलित बाई ठेवली तर मुलांना जेवू न देणारे पालक अनेक राज्यांतून पुढे आले. म्हणजे ‘अक्करमाशी’तले ते वेगळे झाड अजून तोडलेले नाही.

शिक्षणाबद्दलची माझी खरी तक्रार आपल्याच साहित्याशी आहे. आपल्या आत्मकथनांतला नायक शिकतो, नोकरीला लागतो, शहरात येतो, आणि पुस्तक संपते. गावातली भूक भूतकाळ होऊन जाते. पण त्याच्या शिक्षणासाठी जी बहीण शाळेतून काढली गेली, जिने त्याच्या वह्यांसाठी खुरपणी केली, ती अजून तिथेच आहे. तिच्या ताटाचे काय झाले? राशनचा गहू-तांदूळ तिला मिळतो. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने माणशी पाच किलो धान्य ठरले, २०२३ पासून ते मोफत झाले. उपासमार त्याने रोखली, हे मान्य केले पाहिजे. पण डाळ नाही, तेल नाही, आणि गरिबाचे म्हणून हिणवलेली ज्वारी आज तिच्या खिशाला परवडत नाही. या बहिणीचे पुस्तक मला हवे आहे.

आणि गायरानाचे पुस्तक हवे आहे. १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४ च्या ६ डिसेंबरपासून कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, बायका लेकरांसह तुरुंगात गेल्या. तेव्हापासून मराठवाड्यात हजारो घरांनी दगडगोटे वेचून गायराने वहितीखाली आणली. १९९१ च्या शासननिर्णयाने जुनी अतिक्रमणे नियमित करायची ठरली, पण सातबाऱ्यावर नाव लागायला अनेकांचे आयुष्य गेले. २००४ पासून दादासाहेबांच्याच नावाने चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत देण्याची योजना आहे. पण सरकारी दराने जमीन विकायला कोण पुढे येणार? १९७८ मध्ये नामांतराच्या ठरावानंतर मराठवाड्यात दलितांची घरे जाळली गेली, तेव्हा उभी पिकेही उद्ध्वस्त केली गेली. विद्यापीठाच्या नावाचा आणि शेतातल्या पिकाचा काय संबंध, असे तेव्हाच्या काही विद्वानांना वाटले होते. हल्लेखोरांना तो संबंध नेमका ठाऊक होता. ज्याच्या घरात पदवीधर आहे आणि ज्याच्या कणगीत स्वतःची ज्वारी आहे, तो माणूस येसकराच्या पाळीवर येत नाही.

गेल्या वर्षी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यासोबत त्याच्या आईचे गायरान पाहायला गेलो. दीड एकर, मुरमाड, वरच्या अंगाला तिने स्वतः रचलेली ताल. त्यात तिने सोयाबीन घेतले नव्हते. ज्वारी, दर सहा ओळींमागे तुरीची एक ओळ, मधे अंबाडी, बांधाला शेवगा. मुलाने कृषी पदविकेची दोन वर्षे केली आहेत आणि सोयाबीनमध्ये पैसा जास्त आहे असे तो तिला समजावत होता. ती म्हणाली, “पैसा येतो तवा बाजार म्हाग असतो बाबा. ही तूर म्हाग व्हत न्हाई, कारण ती मी इकतच घेत न्हाई.” मग तिने मला विचारले, “गुरुजी, तुमच्या कालिजात हे शिकवत्यात का?” मुलगा हसला. मी त्याला म्हणालो, हे तू लिही, तिच्या शब्दांत लिही, आणि एकरी किती निघाले तेही लिही. त्याने अजून लिहिलेले नाही. सातबाऱ्यावर नाव लागेपर्यंत आई नको म्हणते.